ब्रोमाइडकाकूंचा झाकलेला कागद

गल्लीत त्यांना सगळे ब्रोमाइडकाकू म्हणत. नव्या भाडेकरूला वाटे, बाईंच्या तिखट जिभेवरून कुणीतरी ठेवलेलं हे नाव असावं. जीभ तिखट होती, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पण नावाशी तिचा संबंध नव्हता. ज्या घरात त्या जन्मल्या तिथे ब्रोमाइड, ज्या घरात दिल्या तिथे ब्रोमाइड, आणि पुढे पोटासाठी ज्या छापखान्याची पायरी चढल्या तिथेही ब्रोमाइडच. माणसाच्या मागे काय काय लागतं. काकूंच्या मागे हा एक क्षार हात धुऊन लागला होता.

त्यांचे वडील कंपाउंडर होते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बाटल्यांची एक लांब फळी होती आणि तिच्या टोकाला पोटॅशियम ब्रोमाइडची तपकिरी बरणी. ज्याला झोप लागत नाही, ज्याला फिट येतात, ज्याचा जीव उगाचच खालीवर होतो, त्या सगळ्यांना त्यातली चिमूटभर पूड पाण्यात विरघळवून, वरून थोडं लाल सिरप घालून मिळे. बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायची असे, एक खाच म्हणजे एक डोस. ते काम शाळेतून आल्यावर काकूंचं. खळीने बोटं चिकट व्हायची, आणि तीच बोटं चाखली की मागून खारट चव लागायची. घरात कुणी आदळआपट केली की आई आतूनच ओरडे, "अहो, द्या याला एक खाच!" तो खारटपणा, तो लाल रंग आणि बाकावर मुकाट बसलेली माणसं एवढ्यातच काकूंचं सगळं लहानपण मावलेलं होतं, आणि ते त्यांना शेवटपर्यंत फार प्रिय होतं.

मग लग्नाचं बोलणं करायला फोटोवाले आले. मुलगा सडपातळ, बोटांची नखं तपकिरी, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. "आमच्याकडे आता सगळं ब्रोमाइडवरच चालतं," तो अभिमानाने म्हणाला. "वडिलांच्या वेळी एवढं नव्हतं. आता त्याच्याशिवाय दिवस जात नाही." वडिलांचा चहाचा कप अधांतरी राहिला. ते उठून आत गेले आणि आईच्या कानाशी लागले, "माणसं चांगली दिसताहेत गं, पण अख्ख्या घराला फिट येतात की काय?" आईने कपाळाला हात लावला. शेवटी काकूच पुढे झाल्या आणि सरळ विचारत्या झाल्या, "तुम्ही ते पिता, की आणखी काय करता?"

"पितो?" मुलगा गडबडला. "अहो, त्यावर फोटो छापतो. ब्रोमाइडचा कागद असतो."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. मुलाला मात्र ही मुलगी तेव्हाच आवडली, असं तो पुढे जन्मभर येईल त्याला सांगत राहिला.

घर दुमजली होतं. खाली पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. वर निजायची खोली आणि तिला लागून डार्करूम. डार्करूम म्हणजे खिडकीला काळा रंग फासलेली, एका माणसाला ऐसपैस आणि दोघांना अडचणीची खोली. काकांनी काकूंना तिथलं सगळं काम शिकवलं. कागदाच्या गुळगुळीत बाजूवर चांदीचं ब्रोमाइड असतं, त्याला उजेड लागला की आत चित्र बसतं, पण दिसत नाही. डेव्हलपरमध्ये घातलं की दिसायला लागतं, आणि हायपोच्या पाण्यात घातलं की कायमचं राहतं. त्याआधी पांढरा उजेड लागला तर सगळा कागद काळा. काकूंनी पहिल्याच महिन्यात खाली काहीतरी पडल्याचा आवाज ऐकून धाडकन दार उघडलं आणि एक भरलेला डबा वाया घालवला. काका रागावले नाहीत, पण जेवले मुकाट. झोपताना एवढंच म्हणाले, "एक लक्षात ठेव. आधी कागद झाक, मग दार उघड. जग बुडत असलं तरी."

काकूंनी ते लक्षात ठेवलं. दूध उतू जाऊ दे, मोठी जाऊ दारावर थापा मारू दे, लेक पाळण्यात टाहो फोडू दे. आधी कागद काळ्या पाकिटात, पाकीट डब्यात, डब्यावर झाकण, आणि मग कडी. काही वर्षांनी तर त्यांना विचारही करावा लागत नसे. हात आपलं काम करून मोकळे व्हायचे, डोकं मागून यायचं.

काका फोटो मोठा करायच्या एन्लार्जरवर, काकू ट्रेपाशी, पाठीला पाठ लावून. काका दिवा पेटवून कागदावर चित्र पाडायचे, दिवा विझवायचे आणि न बघताच कागद मागे धरायचे. काकू न बघताच घ्यायच्या. संसारातल्या सगळ्या चांगल्या गप्पा त्यांनी तिथे मारल्या. नवराबायकोला लाल दिवा मानवतो. एकमेकांचं तोंड धड दिसत नाही, त्यामुळे भांडण वाढत नाही, आणि हातात ओला कागद असल्यामुळे तरातरा निघूनही जाता येत नाही. लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, जाऊबाईंना वेगळी चूल हवी आहे ती द्यायची की नाही, हे सगळं तिथे ठरलं. लाल उजेडात कुणा अनोळखी माणसाचा चेहरा पाण्यातून हळूहळू वर येत असायचा आणि या दोघांचा संसार त्याच्या डोक्यावरून चाललेला असायचा.

एवढं असून काकांचा स्वतःचा धड फोटो घरात एकही नव्हता. एक कौटुंबिक फोटो होता, त्यात काकू आणि लेक खुर्च्यांवर ताठ बसल्या होत्या आणि काका म्हणजे कॅमेऱ्याकडून रिकाम्या खुर्चीकडे धावणारा एक धूसर पट्टा होता. "पुढच्या वेळी नीट काढू," असं ते म्हणत. गल्लीतल्या सगळ्यांचे फोटो नीट निघाले. यांची पुढची वेळ काही आली नाही.

ती सकाळ साधीच होती. खाली गिऱ्हाईक नव्हतं, लेक शाळेत गेलेली. काकू चिमट्याने एक फोटो हायपोत सरकवत होत्या. मागे एन्लार्जरचा दिवा लागला होता. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ लागून राहिला, हे काकूंना नंतर आठवलं. तेव्हा वाटलं, निगेटिव्ह दाट असेल. मग काका म्हणाले, "अगं, जरा..." आणि स्टूल पडल्याचा आवाज आला.

काकू वळल्या. काका जमिनीवर होते. आणि काकूंच्या हातांनी एन्लार्जरचा दिवा विझवला, फळीवरचा कागद उचलून काळ्या पाकिटात घातला, पाकीट डब्यात ठेवलं, झाकण दाबून बसवलं. मग त्यांनी दार उघडलं आणि मग त्या ओरडल्या.

डॉक्टर आले. म्हणाले, "खाली पडायच्या आधीच सगळं संपलं होतं. कुणालाच काही करता आलं नसतं." डॉक्टर लोकांना असं म्हणावंच लागतं, असं काकूंनी ठरवून टाकलं. त्यांच्या कानात ते झाकण बसल्याचा आवाज राहिला. माझा माणूस पायाशी पडलेला, आणि मी कागद झाकत बसले. हे त्यांनी जावेला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. डबा वरच्या फळीवर मागे सारला आणि जो कुणी त्याला हात लावेल त्याच्या अंगावर त्या वसकन गेल्या.

स्टुडिओ बंद झाला, पण पोट बंद होत नाही. जवळच्या छापखान्यात डार्करूमचं काम येणारं माणूस हवं होतं. त्या काळी तिथे अक्षरांचे शिशाचे खिळे जाऊन नवं यंत्र आलं होतं. अक्षरं फोटोसारखी कागदावर उमटून यायची आणि त्या कागदालाच सगळे ब्रोमाइड म्हणायचे. काकूंनी ते धुवायचे, वाळवायचे, आणि मग बाहेरच्या टेबलावर बसलेली माणसं ब्लेडने कापून ते पानावर चिकटवायची. दिवसभर हाका चालत. "काकू, ब्रोमाइड झाली का?" "काकू, माझं ब्रोमाइड ओलंच दिलंत!" "काकू, एक ओळ पडली कुठेतरी, तुमच्या चपलेला बघा!" आणि खरंच ती ओळ चपलेला चिकटलेली सापडायची. नाव तिथेच पडलं. काकू तोंडाने शिव्या घालायच्या, पण त्या हाकांनी त्यांना माणसांत ठेवलं, हे त्या मनोमन जाणून होत्या. पुढे कॉम्प्युटर आले, यंत्र भंगारात गेलं, आणि टेबलावरची ब्लेडवाली माणसं एकेक करून कुठेकुठे पांगली. काकू निवृत्त होऊन घरी बसल्या. त्या हायपोच्या आंबूस वासाशिवाय कित्येक दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

लेक मोठी झाली आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागली. आजोबा कंपाउंडर, आईबाप फोटोवाले. पोरगी दुसरं काय करणार होती! तिचंही लग्न, संसार, केसांत पांढरं, सगळं यथासांग झालं. काकूंचे गुडघे मात्र बोलायला लागले. न्हाणीघर खाली, निजायची खोली वर, आणि मधे जिना. लेकीने फर्मान काढलं, "आई, डार्करूमची मोरी आहेच. तिथेच न्हाणीघर करून टाकू. गवंड्याला बोलावलंय मापं घ्यायला."

काकूंनी आढेवेढे घेतले, पण जिन्यावर एकदा पाय घसरल्यावर त्यांच्याकडे बोलायला फारसं काही उरलं नाही. लेक ट्रे, बाटल्या, चिमटे एकेक खाली उतरवू लागली. मग तिच्या हाताला तो डबा लागला. तिने अंगठा झाकणाखाली घातला.

"उघडू नकोस!"

काकू इतक्या जोरात ओरडल्या की खाली गवंड्याच्या हातून टेप सुटून घरंगळली. लेक डबा धरून तशीच उभी राहिली. आईचा असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता, आणि तिखट आवाजांची तर तिला चांगली सवय होती.

मग काकूंना सांगावंच लागलं. त्या ट्रंकेवर बसल्या आणि सगळं बोलल्या, लेकीकडे न बघता. लेक शेजारी बसली. म्हणाली, "आई, डॉक्टरांनी तर सांगितलं होतं ना..."

"डॉक्टरांचं राहू दे गं. एखादा श्वास तरी असेल. तो मी कागदाला दिला."

"मग तो कागद धुऊन बघू या. चित्र अजून असेल आत."

"आणि काळा निघाला तर?" काकू एकदम तिच्याकडे वळल्या. "इतक्या वर्षांचा कागद आहे. ज्याच्यापायी मी त्यांना जमिनीवर तसंच ठेवलं, तोच फुकट गेलेला निघाला तर मी काय करू? आता निदान डबा बंद तरी आहे."

पण गवंडी आठवड्याभरात भिंत फोडायला येणार होता, आणि डबा ठेवायला दुसरी अंधारी जागा घरात नव्हती. तिसऱ्या सकाळी चहा पिता पिता काकू म्हणाल्या, "जुना कागद आपोआप करडा पडतो. डेव्हलपरमध्ये जास्तीचं पोटॅशियम ब्रोमाइड टाकावं लागेल. ते कागदाला आवर घालतं. आहे का तुझ्या शाळेत?"

शाळेत बाटली होती. तिच्यात लेबल सोडून काही नव्हतं. बाकीच्या पुड्या दुकानात मिळाल्या, पण याचं नाव काढल्यावर दुकानदाराने मान हलवली. शेवटी काकूंनाच आठवलं आणि त्या कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन बसल्या. तो लहानपणी याच स्टुडिओत उघडाबंब बसून फोटो काढून घेतलेला पोर.

"आहे ना काकू," तो म्हणाला. "फिट येणाऱ्या कुत्र्यांना देतो मी अजून. तुमच्याकडे कुत्रं कधी आणलंत?"

"कुत्रं नाही. माझे वडील माणसांना द्यायचे हे."

"माणसांना आता नवी औषधं आली. मग कुणासाठी हवंय?"

"एका कागदासाठी. म्हातारा झालाय."

डॉक्टरने पुढे काही विचारलं नाही. ब्रोमाइडकाकूंना फार प्रश्न विचारू नयेत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने पांढरी पूड कागदात बांधून दिली. घरी येऊन काकूंना शंका आली, कुत्र्याचं औषध फोटोला चालेल ना? लेक हसली. "आई, ब्रोमाइड हे आडनाव आहे गं. ब्रोमीन ज्या घरात गेलं त्या घरासारखा त्याचा स्वभाव होतो. पोटॅशियमच्या घरी शांत, चांदीच्या घरी उजेड सोसत नाही. तुला हवं ते पोटॅशियमच्याच घरचं आहे. मग ते कुत्र्याला द्या नाहीतर राजाला."

"वर्गात असंच शिकवतेस?"

"मुलांना आवडतं."

भर दुपारी दोघी डार्करूममध्ये शिरल्या. काकूंनी लाल दिवा लावला, ट्रे मांडले, आणि त्यांची पाठ आपोआप सरळ झाली. डब्यातले खालचे कोरे कागद तसेच होते. काकूंनी त्यातल्या एकाची पट्टी फाडून डेव्हलपरमध्ये घातली. करडी झाली. त्यांनी ब्रोमाइडची चिमूट टाकली, दुसरी पट्टी घातली. ती जरा कमी करडी. आणखी एक चिमूट. चुलीपाशी फोडणी सांभाळणाऱ्या बाईसारखं त्यांचं सगळं लक्ष त्या चिमटीत होतं. शेवटची पट्टी बऱ्यापैकी पांढरी राहिली.

मग त्यांनी काळं पाकीट उघडलं, कागद काढला आणि एका दमात डेव्हलपरमध्ये बुडवला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडेने काळोख आला. तो झपाट्याने आत सरकू लागला, एक कोपरा, दुसरा कोपरा, वरची सगळी बाजू. ना चेहरा, ना गिऱ्हाईक, काही नाही. काकूंनी डोळे मिटले. "गेला," त्या म्हणाल्या. "गेला गं. सगळा काळा पडला."

"आई."

"मला नको दाखवूस."

"आई, बघ तरी."

काकूंनी डोळे उघडले. कागद काळाभोर झाला होता, पण सगळा नाही. मधोमध एक पांढरा तुकडा काळं व्हायला तयार नव्हता. त्याला कडा आल्या. कडांची बोटं झाली. पाच बोटं, फाकलेली, आणि खाली तळहात; करंगळी टोकाला बाहेर वळलेली, कारण ती एकदा कॅमेऱ्याच्या तिपाईत चेपून मोडली होती आणि वाकडीच जुळली होती.

काकूंना सगळं कळलं. काकांना काहीतरी झालं असणार, म्हणून त्यांनी आधाराला हात टेकला असणार, आणि तो टेकला कागदावर. दिवा वर जळत राहिला. सगळीकडे उजेड पोचला, फक्त त्या हाताखाली नाही.

त्यांनी चिमट्याने कागद हायपोत टाकला. मग इतकी वर्षं ज्यांना एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांना त्या चांगल्या मोठ्यांदा बोलल्या. "अहो! कागदाला बोट लावायचं नाही म्हणून आयुष्यभर माझ्या हातावर फटके मारलेत, आणि स्वतः मात्र अख्खा पंजा ठेवलात होय!"

आणि मग त्या रडायला लागल्या, हुंदके देत, लहान मुलासारख्या. लेकीने त्यांना धरलं. तीही रडत होती. दोघींना एकमेकींची तोंडं नीट दिसत नव्हती, हे बरंच होतं.

"त्या दिवशी दार आधी उघडलं असतंस तर..." लेक म्हणाली, आणि थांबली.

"तर हा राहिला नसता," काकूंनी नाक पुसत वाक्य पुरं केलं. "झाकला ते बरं केलं मी. बरंच केलं."

लेकीने पांढरा दिवा लावला. कागद आता नळाखालच्या ट्रेमध्ये होता, वाहत्या पाण्यात. "आता धुणं मी बघते, तू बस," ती म्हणाली, पण काकूंनी तिला खाली पिटाळलं. गवंड्याला सांग, उद्या ये म्हणावं, आज मोरी चालू आहे.

एकट्या झाल्यावर काकूंनी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि त्या पांढऱ्या पंज्यावर आपला पंजा ठेवला. तो त्यांच्या बोटांच्या सगळ्या बाजूंनी बाहेर उरला. एवढा मोठा हात होता त्यांचा, हे काकू विसरूनच गेल्या होत्या.